‘रॉदरहॅम’ ते ‘राजपूत’: एका ब्रिटिश विनाशिकेची भारतीय सेवा

विशाखापट्टणमच्या बंदरातून ३ डिसेंबर १९७१ च्या रात्री, मध्यरात्रीला काही मिनिटे उरली असताना, एक जुनी विनाशिका दिवे मालवून बाहेर पडली. तिच्यावर तिरंगा होता, नाव ‘आयएनएस राजपूत’ होते; मात्र तिचा सांगाडा स्कॉटलंडमधील क्लाइड नदीकाठी घडला होता आणि तिचे पहिले नाव होते ‘एचएमएस रॉदरहॅम’. जलावतरणाला २९ वर्षे उलटून गेलेली ही नौका लवकरच निवृत्त होणार होती. पुढच्या अर्ध्या तासात घडलेल्या घटनेमुळे तिचे नाव पाकिस्तानच्या ‘गाझी’ या पाणबुडीशी कायमचे जोडले गेले. त्या घटनेचा नेमका उलगडा अद्यापही वादाचा विषय आहे. या वादामुळे ‘राजपूत’च्या उर्वरित सेवेकडे मात्र दुर्लक्ष होते. भारतीय नौदलाच्या पहिल्या पंचवीस वर्षांचा इतिहास समजून घेण्यासाठी ही सेवा मुळापासून पाहणे उपयुक्त ठरते.

विनाशिका म्हणजे काय?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाणतीर, म्हणजेच टॉर्पेडो, वाहणाऱ्या लहान व चपळ बोटींनी मोठमोठ्या युद्धनौकांना धाक बसविला. या बोटींचा नाश करण्यासाठी ब्रिटनने १८९० च्या दशकात वेगवान नौकांचा एक नवा प्रकार बांधला. ‘टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर’ हे त्याचे मूळ नाव. पुढे त्यातील पहिले दोन शब्द गळून केवळ ‘डिस्ट्रॉयर’ उरले आणि मराठीत ‘विनाशिका’ हा शब्द रूढ झाला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा धोका वाढला, तेव्हा काफिल्यांचे रक्षण आणि पाणबुड्यांचा शोध ही कामे विनाशिकांकडे आली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत विनाशिका ही आरमाराची सर्वकामी नौका बनली होती. तोफा, पाणतीर आणि पाण्याखाली ठराविक खोलीवर फुटणारे ‘डेप्थ चार्ज’ ही तिची मुख्य आयुधे होती.

युद्धकाळात ब्रिटनने अशा नौका तातडीच्या कार्यक्रमाखाली आठ-आठच्या गटांनी बांधल्या. प्रत्येक गटातील नौकांची नावे एकाच आद्याक्षराने सुरू होत. ‘आर’ वर्गात ‘रॉदरहॅम’, ‘रेसहॉर्स’, ‘रेडर’, ‘रॅपिड’, ‘रिडाउट’, ‘रिलेंटलेस’, ‘रोबक’ आणि ‘रॉकेट’ या आठ नौका होत्या. ‘रॉदरहॅम’ ही त्यांतील नेतृत्व करणारी नौका. क्लाइडबँक येथील जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीत तिचे बांधकाम १९४१ मध्ये सुरू झाले, २१ मार्च १९४२ रोजी तिचे जलावतरण झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती ब्रिटिश नौदलात दाखल झाली. सुमारे १,७०० टन वजनाच्या आणि जवळपास १०९ मीटर लांबीच्या या नौकेला दोन बॉयलर व बाष्प टर्बाइन होते. चाळीस हजार अश्वशक्तीच्या या यंत्रणेमुळे तिचा कमाल वेग ताशी ३६ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ६७ किलोमीटरपर्यंत जाई. ४.७ इंची चार तोफा, विमानविरोधी तोफा, पाणतिरांच्या आठ नळ्या आणि डेप्थ चार्ज फेकणारी यंत्रे असा तिचा शस्त्रसंभार होता.

हिंदी महासागरातील युद्ध

प्रारंभीच्या काळात ‘रॉदरहॅम’ने काफिल्यांच्या संरक्षणाचे काम केले. पुढे ‘आर’ वर्गातील नौका ब्रिटनच्या ईस्टर्न फ्लीटमध्ये, म्हणजे हिंदी महासागरातील ताफ्यात, सामील झाल्या. या महासागरात जर्मन आणि जपानी पाणबुड्या व्यापारी जहाजांची शिकार करीत होत्या. भारताकडे येणारा शस्त्रसाठा, इराणच्या आखातातून निघणारे तेल आणि आग्नेय आशियातील लढाईसाठी लागणारी रसद यांचा मार्ग याच पाण्यातून जात असल्याने हे रक्षणकार्य भारताच्या दृष्टीनेही महत्त्वाचे होते. १९४४ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये या वर्गातील ‘रिलेंटलेस’ व ‘रोबक’ या नौकांनी जर्मन पाणबुड्यांना इंधन पुरविणारी ‘शार्लोट श्लीमन’ आणि ‘ब्राके’ ही जहाजे गाठली आणि दोन्ही बुडाली. त्यामुळे या भागातील जर्मन पाणबुड्यांच्या हालचालींवर मोठी मर्यादा आली.

एप्रिल-मे १९४५ मध्ये रंगूनची मोहीम सुरू असताना मार्तबानच्या आखातातून निसटू पाहणाऱ्या जपानी सैन्याच्या बोटींवर ‘रोबक’, ‘रेसहॉर्स’ आणि ‘रिडाउट’ यांनी हल्ला चढविला. यातील ‘रिडाउट’ हीच पुढे भारताची ‘रणजित’ झाली. सप्टेंबर १९४५ मध्ये जपानच्या शरणागतीनंतर ‘रॉदरहॅम’ सिंगापूरला पोहोचली आणि तेथील नाविक तळाचा ताबा तिच्या कप्तानाने स्वीकारला. या प्रसंगाची आठवण म्हणून तळाच्या एका प्रवेशद्वाराला ‘रॉदरहॅम गेट’ असे नाव देण्यात आले. आठही ‘आर’ वर्गीय नौका महायुद्धातून सुखरूप वाचल्या. त्या काळातील विनाशिकांची जीवितहानी आणि नौकाहानी पाहता ही गोष्ट सामान्य नव्हती.

मुंबईत आगमन

फाळणीनंतर रॉयल इंडियन नेव्हीची विभागणी झाली, तेव्हा भारताच्या वाट्याला आलेल्या नौकांमध्ये एकही विनाशिका नव्हती. स्लूप, फ्रिगेट, सुरुंग काढणाऱ्या नौका आणि लहानसहान गस्ती बोटी एवढाच तो संसार. हजारो किलोमीटरचा किनारा आणि खोल समुद्रातील व्यापारी मार्ग यांच्या रक्षणासाठी तो पुरेसा नव्हता. देशात मोठी युद्धनौका बांधण्याची क्षमता तेव्हा नव्हती. त्यामुळे ब्रिटनकडील वापरलेल्या नौका घेणे हाच व्यवहार्य मार्ग होता. सप्टेंबर १९४८ मध्ये ‘आयएनएस दिल्ली’ ही क्रूझर मुंबईत आली; तीही पूर्वाश्रमीची ‘एचएमएस अकिलीस’. पुढील वर्षी तीन विनाशिका घेण्यात आल्या. ‘रिडाउट’ची ‘रणजित’, ‘रॉदरहॅम’ची ‘राजपूत’ आणि ‘रेडर’ची ‘राणा’ झाली. नव्या नावांतही ‘र’ हे आद्याक्षर कायम राहिले. १९४९ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात तिन्ही नौका भारताच्या सेवेत रुजू झाल्या. देश तोवर प्रजासत्ताक झाला नसल्याने त्यांच्या नावामागे प्रथम ‘हिज मॅजेस्टीज इंडियन शिप’ ही बिरुदावली होती. २६ जानेवारी १९५० पासून ती ‘आयएनएस’ झाली. या तिघींचा मिळून अकरावा विनाशिका ताफा तयार झाला.

याच सुमारास पाकिस्ताननेही ब्रिटनकडून ‘ओ’ वर्गाच्या विनाशिका घेतल्या. ‘ऑफा’ची ‘तारिक’ आणि ‘ऑन्स्लो’ची ‘टिपू सुलतान’ झाली. महायुद्धात एकाच ध्वजाखाली लढलेल्या नौका आता एकमेकींविरुद्ध उभ्या राहण्याची शक्यता निर्माण झाली होती.

भारतीय नौदलाच्या दृष्टीने या तीन विनाशिकांचे खरे मोल त्यांच्या तोफांपेक्षा त्यांनी दिलेल्या अनुभवात होते. ताफ्याने एकत्र चालणे, रात्रीच्या अंधारात वेगाने वळणे घेणे, पाणतिरांचा हल्ला रचणे, सोनारच्या साहाय्याने पाणबुडीचा माग काढणे, ही सर्व कौशल्ये पुस्तकातून येत नाहीत. त्यासाठी नौका लागतात आणि समुद्रात काढलेले दिवस लागतात. दिल्ली क्रूझर आणि तीन विनाशिका यांच्यामुळे भारताला प्रथमच खऱ्या अर्थाने लढाऊ ताफा मिळाला. नौदलाचे प्रमुखपद तेव्हा ब्रिटिश अधिकाऱ्याकडेच होते. व्हाइस अ‍ॅडमिरल रामदास कटारी हे पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले ते एप्रिल १९५८ मध्ये. त्यापूर्वीच्या दशकात भारतीय अधिकाऱ्यांची जी पिढी तयार झाली, तिच्या घडणीत या जुन्या नौकांचा वाटा मोठा होता.

या नौकांची यंत्रे सांभाळण्याचे काम सोपे नव्हते. उच्च दाबाची वाफ, टर्बाइन आणि वर्षागणिक जीर्ण होत जाणारे बॉयलर यांची देखभाल करणारे तंत्रज्ञ पुणे जिल्ह्यात तयार होत. लोणावळ्याजवळील ‘आयएनएस शिवाजी’ ही नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था फेब्रुवारी १९४५ मध्ये स्थापन झाली. लवासामुळे अलीकडच्या काळात चर्चेत आलेल्या मुळशीच्या डोंगरपट्ट्याला लागूनच असलेल्या मावळात, समुद्रापासून दूर सह्याद्रीच्या माथ्यावर, नौदलाच्या बॉयलरखोल्यांना लागणारे मनुष्यबळ घडविले जाई. नौकांची मोठी दुरुस्ती मुंबईच्या नौदल गोदीत होई. जुनी नौका वीस-बावीस वर्षे चालती ठेवण्यामागे या दोन्ही ठिकाणांचे कष्ट होते.

डिसेंबर १९६१ मधील गोवा मुक्तीच्या कारवाईत भाग घेतलेल्या भारतीय ताफ्यात ‘राजपूत’चाही समावेश होता. त्या कारवाईत पोर्तुगीजांच्या ‘अफोन्सो द आल्बुकर्क’ या नौकेशी मुरगावजवळ प्रत्यक्ष लढत ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या नव्या फ्रिगेटनी दिली. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका त्याच वर्षी मार्चमध्ये नौदलात आली होती. ती मुळात ब्रिटनने ‘हर्क्युलिस’ या नावाने बांधायला घेतलेली नौका. दहा वर्षांनंतर ‘राजपूत’ आणि ‘विक्रांत’ यांची गाठ एका विलक्षण कामगिरीत पडणार होती.

‘गाझी’चा पाठलाग

१९७१ मध्ये युद्धाचे ढग जमू लागले, तेव्हा ‘विक्रांत’ पूर्व किनाऱ्यावर हलविण्यात आली. तिच्या एका बॉयलरला तडे गेल्याने वेगावर मर्यादा होती. तरीही पूर्व पाकिस्तानची सागरी नाकेबंदी करण्यासाठी तिच्या विमानांची गरज होती. साहजिकच तिला बुडविणे हे पाकिस्तानी नौदलाचे पहिले उद्दिष्ट ठरले. कराचीहून बंगालच्या उपसागरापर्यंतचा पल्ला गाठू शकणारी एकच पाणबुडी त्यांच्याकडे होती, ती म्हणजे ‘गाझी’. १९६४ मध्ये अमेरिकेकडून भाडेकराराने मिळालेली ही पाणबुडी मूळची ‘यूएसएस डायब्लो’. तिचे जलावतरण डिसेंबर १९४४ मध्ये झाले होते. म्हणजे शिकारी आणि सावज म्हणून समोरासमोर येणाऱ्या ‘गाझी’ व ‘राजपूत’ या दोन्ही नौका महायुद्धकालीन आणि परदेशातून आलेल्या होत्या.

‘गाझी’ने १४ नोव्हेंबर १९७१ रोजी कराची सोडले. पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल एन. कृष्णन यांनी ‘विक्रांत’ला तोपर्यंत अंदमानकडे हलविले होते. कृष्णन यांच्या आठवणींनुसार, पाणबुड्यांसाठी लागणाऱ्या विशिष्ट वंगण तेलाविषयी चितगावला केलेली विचारणा भारताच्या कानी आली आणि ‘गाझी’ बंगालच्या उपसागरात येत असल्याचा अंदाज बळावला. ‘विक्रांत’ विशाखापट्टणमच्या आसपासच आहे, असा भास निर्माण करण्याची योजना त्यांनी आखली. त्यासाठी निवड झाली ‘राजपूत’ची. तिने किनाऱ्यापासून दूर समुद्रात जाऊन एखाद्या मोठ्या नौकेला शोभेल इतके बिनतारी संदेश पाठवावेत. नौसैनिकाच्या आईच्या प्रकृतीची चौकशी करणारी तारही त्यात असावी, असे हे नाटक होते. बंदरात मोठ्या ताफ्यासाठी रसद मागविण्याचा देखावाही करण्यात आला.

युद्ध भडकले ते ३ डिसेंबरच्या संध्याकाळी, पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडील भारतीय हवाई तळांवर हल्ले केल्यावर. त्या रात्री ‘राजपूत’ बंदराबाहेर पडली. तिचे कप्तान होते लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग. बंदराची अरुंद वाट ओलांडताना पाणबुडी दबा धरून असू शकते, ही जाणीव त्यांना होती. वाटाड्याला उतरवून त्यांनी वेग वाढविला. तेवढ्यात पुढच्या पाण्यात अनैसर्गिक खळबळ दिसल्याची खबर टेहळ्याने दिली. नौका वळवून तिच्यावरून दोन डेप्थ चार्ज टाकण्यात आले. काही मिनिटांनी, मध्यरात्रीनंतर सुमारे सव्वाबाराच्या सुमारास, प्रचंड स्फोट झाला. त्याचा हादरा किनाऱ्यावरील शहरातही जाणवला. अंधारात काहीच दिसले नाही आणि ‘राजपूत’ नेमून दिलेल्या कामगिरीवर पुढे निघून गेली. नंतर मच्छीमारांना समुद्रात तरंगणारे अवशेष सापडले. पाणबुड्यांनी खाली जाऊन पाहिले तेव्हा फुटलेली ‘गाझी’ तळाशी पडलेली आढळली. तिच्यावरील नव्वदहून अधिक जणांपैकी कोणीही वाचले नव्हते. ९ डिसेंबरला ‘गाझी’ बुडाल्याची घोषणा भारताने केली.

श्रेय कोणाचे?

भारतीय नौदलाने या यशाचे श्रेय ‘राजपूत’ला दिले. पाकिस्तानच्या बाजूने मात्र वेगळी कारणे पुढे आली. ‘गाझी’ने स्वतः पेरलेल्या सुरुंगावर ती आदळली असावी, किंवा आतील दारूगोळ्याचा अथवा बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनचा स्फोट झाला असावा, असे तर्क मांडले गेले. भारतातही या विषयावर एकमत नाही. पूर्व विभागाचे तत्कालीन चीफ ऑफ स्टाफ असलेले लेफ्टनंट जनरल जेकब यांनी नंतर लिहिले की, पाणबुडीचे अवशेष मच्छीमारांना सापडल्याचे कृष्णन यांनी आपल्याला दूरध्वनीवर ३ डिसेंबरच्या सकाळीच कळविले होते. तसे असेल, तर रात्रीच्या डेप्थ चार्जचा प्रश्नच उरत नाही. दुसरीकडे, त्या रात्रीचा स्फोट ऐकणारे शहर आणि ‘राजपूत’वरील नोंदी ही कृष्णन यांच्या बाजूची साक्ष आहे. डेप्थ चार्जच्या धक्क्याने पाणबुडीतीलच सुरुंग किंवा पाणतीर फुटले असावेत, असा दोन्ही बाजू जुळविणारा तर्कही केला जातो.

या वादात लोकप्रिय कल्पनांनी भर घातली. २०१७ मध्ये आलेल्या ‘द गाझी अटॅक’ या चित्रपटात एक भारतीय पाणबुडी ‘गाझी’ला बुडविते. प्रत्यक्षात त्या घटनेत कोणत्याही भारतीय पाणबुडीचा संबंध नव्हता. त्यामुळे चित्रपटाने ‘राजपूत’चा वाटा जवळजवळ पुसून टाकला.

वादाचा निकाल कसाही लागो, एक गोष्ट त्यातून बाजूला काढता येते. ‘विक्रांत’ सुरक्षित राहिली. ‘गाझी’ तिला शोधत विशाखापट्टणमच्या तोंडाशी आली आणि तेथेच संपली. त्या वेळी ‘विक्रांत’ शेकडो सागरी मैल दूर अंदमानच्या परिसरात होती. ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनी कॉक्स बाजार, चितगाव आणि अन्य बंदरांवर हल्ले केले आणि पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट बंद झाली. ‘राजपूत’ला सोपविलेले काम शत्रूची पाणबुडी बुडविण्याचे नव्हते, तर तिचे लक्ष दुसरीकडे वळविण्याचे होते. या योजनेचा हेतू सफल झाला आणि त्यात ‘राजपूत’चा सहभाग होता, एवढे निर्विवाद आहे.

एकाच दिवसात दोन नौकांचे भवितव्य

‘गाझी’चा शेवट झाल्यावर चोवीस तास उलटण्यापूर्वी दुसऱ्या एका ब्रिटिश विनाशिकेचाही शेवट झाला. ४ डिसेंबरच्या रात्री भारताच्या लहान क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर धाड घातली. ‘आयएनएस निर्घात’ने डागलेल्या क्षेपणास्त्रांनी पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडाली आणि तिच्यावरील दोनशेहून अधिक नौसैनिक मृत्युमुखी पडले. ‘खैबर’ म्हणजे ब्रिटनची ‘एचएमएस कॅडिझ’, १९४४ मध्ये पाण्यात उतरलेली ‘बॅटल’ वर्गाची विनाशिका. आपल्यावर विमानाने हल्ला केला, असा संदेश तिने बुडण्यापूर्वी पाठविला होता. क्षितिजापलीकडील एवढ्याशा बोटीवरून एवढा मोठा आघात येऊ शकतो, ही कल्पनाच तिच्यावरील लोकांना नव्हती. याच रात्रीच्या स्मरणार्थ ४ डिसेंबर हा नौदल दिन म्हणून साजरा होतो.

तोफा आणि पाणतिरांवर उभ्या राहिलेल्या विनाशिकेचे युग त्या रात्री संपले, असे म्हणता येईल. पाच दिवसांनी, ९ डिसेंबरला, पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या आधुनिक फ्रेंच पाणबुडीने दीवजवळ ‘आयएनएस खुकरी’ बुडविली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांनी प्राण गमावले. ‘खुकरी’ ही ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात बांधलेली पाणबुडीविरोधी फ्रिगेट होती. म्हणजे नव्या पाणबुडीपुढे ‘राजपूत’पेक्षा कितीतरी तरुण नौकाही निभावली नाही. जुन्या साधनांनी मिळालेल्या यशावर विसंबून राहता येणार नाही, हा धडा नौदलाने या दोन्ही घटनांतून घेतला.

नावाची परंपरा

‘राजपूत’ १९७६ मध्ये मोडीत निघाली. ‘राणा’चीही अखेर त्याच सुमारास झाली आणि ‘रणजित’ त्यानंतर काही वर्षांनी. मात्र त्यांची नावे नौदलाने सोडली नाहीत. सोव्हिएत युनियनमध्ये बांधलेल्या क्षेपणास्त्रधारी विनाशिकांच्या नव्या वर्गाला तीच नावे देण्यात आली. दुसरी ‘राजपूत’ ४ मे १९८० रोजी नौदलात आली. ‘राणा’ आणि ‘रणजित’ तिच्यामागोमाग आल्या. ‘ब्राह्मोस’ क्षेपणास्त्राच्या चाचण्यांसाठी ‘राजपूत’चा उपयोग झाला. ‘रणजित’ मे २०१९ मध्ये, तर ‘राजपूत’ २१ मे २०२१ रोजी विशाखापट्टणम येथे निवृत्त झाली. पहिल्या ‘राजपूत’चे नाव ज्या बंदराशी जोडले गेले, तेथेच दुसऱ्या ‘राजपूत’चा ध्वज उतरला.

दरम्यान, मुंबईतील माझगाव गोदीने या इतिहासाला वेगळे वळण दिले. ब्रिटिश आराखड्यावर बांधलेली ‘निलगिरी’ ही फ्रिगेट १९७२ मध्ये नौदलाला मिळाली. भारतीय आराखड्याची ‘दिल्ली’ ही विनाशिका १९९७ मध्ये, तर ‘विशाखापट्टणम’, ‘मुरगाव’, ‘इम्फाळ’ आणि ‘सुरत’ या विनाशिका २०२१ ते २०२५ या काळात याच गोदीतून बाहेर पडल्या. १९४९ मध्ये विनाशिका मिळविण्यासाठी ज्या देशाला ब्रिटनच्या राखीव नौकांकडे पाहावे लागले, तो आता आपल्या विनाशिका मुंबईतच बांधतो.

पहिल्या ‘राजपूत’ने एका पिढीला ताफा चालविण्याचा अनुभव दिला, जीर्ण यंत्रे चालती ठेवण्याची सवय लावली आणि युद्धाच्या निर्णायक क्षणी तिच्या वयाला न साजेसे काम केले. ‘गाझी’ तिच्याच डेप्थ चार्जने बुडाली की अन्य कारणाने, याचा अंतिम निर्णय कदाचित बंगालच्या उपसागराच्या तळाशी असलेला सांगाडाच देऊ शकेल. मात्र त्या निर्णयावर तिच्या सत्तावीस वर्षांच्या सेवेचे मूल्य अवलंबून नाही.